पोदेर, मानस आणि व्हायवाचा प्रश्न : रोजच्या जगण्यातून कॉलेजचा अभ्यास कसा काढायचा

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दर वर्षी एक प्रसंग थोड्याफार फरकाने घडतोच. मी विचारतो, "मागणीची लवचिकता म्हणजे काय?" भाव बदलला की मागणी किती बदलते, ही व्याख्या समोरची मुलगी घडाघडा म्हणून दाखवते. "उदाहरण दे." "मीठ, औषधं... आणि चैनीच्या वस्तू. म्हणजे मोटार." पुस्तकातलंच, त्याच क्रमाने. मग मी सहज घरची चौकशी करतो. "आई म्हापशाच्या बाजारात नुस्तें (मासळी) विकते, सर. सुट्टीत मीही बसते तिच्याबरोबर."

या मुलीला बांगड्याचा सकाळचा भाव आणि दुपारचा भाव यांतला फरक तोंडपाठ आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा कोणतं गिऱ्हाईक सुक्या मासळीवर उतरतं, कोण अंडी घेऊन घरी जातं आणि पाहुणे आलेले असले की कोण भाव न विचारता इसवण (सुरमई) कापून घेतं, हे ती चेहरा बघून सांगेल. मागणीची लवचिकता ती वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघत आली आहे. तरी परीक्षेत तिला आठवते मोटार.

दोष तिचा नाही. बाजारातला पाट आणि वर्गातला बाक एकमेकांना लागून आहेत, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅराहर दांपत्य आणि श्लीमान यांनी केलेला एक अभ्यास १९८५ साली छापून आला. रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वयाच्या पाच मुलांना त्यांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तर ३७ टक्केच बरोबर. एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ ला एक या भावाने दहा नारळांची किंमत विचारली. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन मिळवून २१० केले, असं करत ३५० वर आला. दहाने गुणताना एक शून्य द्यायचं असतं, हे शाळेने शिकवलेलं त्याला तिथे आठवलंही नाही. आपल्या वर्गात याच्या उलटही घडतं. शून्य देता येतं, नारळ दिसत नाही.

"अनुभवातून शिका" असं स्नेहसंमेलनात प्रत्येक प्रमुख पाहुणा सांगतो. कसं शिकायचं ते मात्र सांगत नाही. फोंड्याकडच्या एका कॉलेजात वीसेक वर्षं अर्थशास्त्र आणि थोडं संख्याशास्त्र शिकवताना जी रीत बसत गेली, ती इथे देतो. लागतं काय? एक दोनशे पानी वही, रोजची दहा मिनिटं आणि आठ आठवड्यांचा धीर.

पायरी १ : घटना लहान घ्या, आणि रोजची घ्या

मुलं पहिल्यांदा आणतात ती घटना नेहमी मोठी असते. हंपीची सहल, कोविडचे दिवस, आजोबांचं आजारपण. या गोष्टी मनाला भिडतात हे खरं, पण त्या एकदाच घडतात. एकदाच घडलेल्या गोष्टीशी काही ताडून पाहता येत नाही. आपल्याला हवी पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट. ती दहा-पंधरा मिनिटांत आटोपावी, तिच्यात कोणीतरी काही ठरवत असावं किंवा काही मोजता यावं, आणि तुम्ही तिथे नाहीतरी असताच, असं असावं.

रिबंदर-चोडण फेरीबोटीची वाट पाहणं. सकाळी पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, येणं. कदंब बसच्या स्टॉपवरची गर्दी. विहिरीच्या कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते. वनस्पतिशास्त्राची मुलं असतील तर चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळा-पानांच्या चौकटीचं, सामान. कांगलां, कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिपटी. निम्मं वर्गीकरण टांगूनच मिळतं तिथे, फक्त ते वर्षातून एकदाच मिळतं, म्हणून आठ आठवड्यांच्या वहीला ते पुरत नाही. एकच घटना निवडा. दोन निवडणारी मुलं दोन्ही सोडतात, असं मी पाहिलं आहे.

पायरी २ : त्याच दिवशी लिहा, कारणं मागाहून

वहीचं डावं पान घटनेचं, उजवं प्रश्नाचं. पहिले तीन आठवडे फक्त डावं पान भरायचं. सगळ्यांत अवघड पायरी हीच, कारण आपल्याला लहानपणापासून निबंधाचं वळण लागलेलं असतं. एका वहीतली नोंद पाहा :

"आज पोदेर उशिरा आला. सर्वांची गैरसोय झाली. यावरून वेळेचे महत्त्व कळते."

या तीन वाक्यांत कळलं काहीच नाही. किती उशीर झाला? सर्व म्हणजे कोण? "यावरून कळते" हे शब्द पहिले तीन आठवडे वहीत बंद, असा माझा नियमच आहे. त्याच मुलाने पुढच्या आठवड्यात लिहिलेली नोंद अशी होती :

"मंगळवार. पहाटेपासून पाऊस. पोदेर ६.५० ला (काल ६.३५). वाड्यावर सात घरांपुढे थांबला. आम्ही उंडे ४, पोळ्या २. शेजारच्या वैनींना पोळ्या हव्या होत्या, संपल्या होत्या. त्यांनी उंडे घेतले. जाताना टोपलीच्या तळाशी थोडे पाव दिसले."

(गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : ही पोळी म्हणजे चपाती नव्हे. भट्टीत भाजलेला, कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव. उंडे हे गोल पाव. सायकलीच्या हॉर्नचा पोंऽ पोंऽ आवाज हे आमच्याकडचं अलार्मचं घड्याळ.)

या नोंदीत मत एकही नाही. पण पुढे दोन महिने पुरेल एवढा माल आहे, आणि सगळ्यांत मौल्यवान वाक्य वैनींचं. लिहिताना त्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्याच दिवशी लिहायचं. दोन दिवसांनी लिहिलं असतं तर "पाऊस होता म्हणून उशीर झाला" एवढीच नीटनेटकी गोष्ट मनात उरली असती आणि वैनी गळाल्या असत्या.

पायरी ३ : खटकलं काय?

चौथ्या आठवड्यात उजवं पान उघडायचं. डावीकडच्या वीसेक नोंदी एका बैठकीत वाचायच्या आणि एकच प्रश्न लिहायचा. तो "का" किंवा "किती" यापासून फार लांब नको. या मुलाचा प्रश्न होता : पोळ्या जवळजवळ रोज संपतात. पोदेराला ते दिसतं. मग तो जास्त का आणत नाही?

वर्गात हा प्रश्न टाकला तर पोरं लगेच म्हणाली, "त्याला धंदा कळत नाही, सर." आपल्याला न कळलेली गोष्ट समोरच्याच्या अडाणीपणावर ढकलणं सोपं असतं. खटकलेली गोष्ट हाती आली की आधी धरून चालायचं, समोरच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. बहुतेक वेळा ते खरंच निघतं. मुलाने पोदेरालाच विचारलं. त्याचं उत्तर चार शब्दांचं : "उरल्यार खंय घालूं, बाबा?" (उरले तर कुठे घालू?)

पायरी ४ : पुस्तकात मागच्या दाराने शिरा

आता क्रमिक पुस्तक. धडा एकपासून नव्हे. शेवटच्या सूचीपासून किंवा अनुक्रमणिकेपासून. हातात प्रश्न आहे, त्याच्या जवळचे शब्द शोधायचे : साठा, नाशवंत माल, अनिश्चित मागणी. संख्याशास्त्रात आणि व्यवस्थापनात याला पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात. सकाळी किती अंक उचलावेत? कमी उचलले तर गिऱ्हाईक जातं, जास्त उचलले तर रद्दी.

हा हिशेब इथे पुरा करून दाखवतो, कारण रीतीचं सगळं सार यात आहे. समजा, एका नगावर नफा २ रुपये आणि उरलेल्या नगावर तोटा ३ रुपये. कमी पडण्याची किंमत २, जास्त होण्याची ३. सूत्र सांगतं : कमी पडण्याची किंमत भागिले दोन्हींची बेरीज. २ ÷ (२ + ३), म्हणजे ०.४. ४० टक्के दिवशीच मागणीला पुरेल एवढा माल न्यावा. तीस दिवसांच्या मागणीचे आकडे लहानाकडून मोठ्याकडे मांडले तर बारावा आकडा घ्यायचा. याचा अर्थ असा की हुशारीने धंदा करणाऱ्या पोदेराची टोपली तीसांतले अठरा दिवस रिकामी झाली पाहिजे! मुलांना हे उत्तर आधी चुकीचंच वाटतं.

आता वैनींकडे या. पोळी संपली तर त्या उपाशी राहत नाहीत, उंडे घेतात. म्हणजे पोळी कमी पडल्याने पोदेराचे दोन रुपये बुडत नाहीत. समजा अर्धा रुपयाच बुडतो. मग ०.५ ÷ (०.५ + ३), म्हणजे सुमारे ०.१४. तीसांतला पाचवा आकडा. पोळ्या रोज का संपतात, हे कोडं इथे सुटलं. पोदेराने सूत्र मांडलेलं नसेल, पण पर्यायी वस्तू ही संकल्पना त्याच्या टोपलीत आहे. आकडे अर्थात समजुतीसाठी घेतलेले. खरे आकडे तुमचे तुम्ही काढा.

एक खोच मात्र ध्यानात ठेवा. ज्या दिवशी टोपली रिकामी झाली, त्या दिवशी खरी मागणी किती होती? ठाऊक नाही. आपल्याला फक्त विक्री दिसली. संख्याशास्त्रात अशा माहितीला खंडित (censored) माहिती म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळ्या रीती आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने हा मुद्दा स्वतःहून मांडला, तर परीक्षक पेन खाली ठेवून वर बघतो.

पायरी ५ : त्याच्यासारखं दुसरं शोधा

एका उदाहरणावर थांबलात तर डोक्यात फक्त पोदेर राहील. १९८० साली गिक आणि होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग, मोठी फौज एका वाटेने नेली तर ते फुटणार. सेनापती फौजेचे लहान लहान गट करतो आणि वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचतो. मग मुलांना कोडं घातलं : पोटातली गाठ किरणांनी जाळायची आहे, पण जोरदार किरण वाटेतला चांगला भागही जाळतो. काय कराल? उत्तर सरळ आहे, अनेक मंद किरण अनेक बाजूंनी. नुकतीच ती गोष्ट वाचलेली असूनही दहांतल्या तिघांनाच ते सुचलं. "मघाची गोष्ट आठवा" असं सांगितल्यावर मात्र चारांतल्या तिघांना जमलं. त्यांच्याच १९८३ च्या प्रयोगांत असं दिसलं की सारख्या मांडणीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतलं साम्य शोधायला लावलं, तर युक्ती आपसूक सुचण्याचं प्रमाण वाढतं.

म्हणून पाचव्या आठवड्यात पोदेराच्या शेजारी दुसरं काहीतरी आणून बसवा. संध्याकाळी रस ऑम्लेटचा गाडा लावणारा किती अंडी आणतो? कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या प्रती किती छापायच्या? दोन्हींत साम्य काय, तेही दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळींत "पाव" हा शब्द येता कामा नये. तसं जमलं तर संकल्पना हाताशी आली.

पायरी ६ : उपमा मोडून पाहा

या पायरीवर मी स्वतः आपटलो आहे. नवा नवा होतो तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेच्या तयारीवर व्याख्यान द्यायचो आणि त्यात पुरुमेंताचा दाखला हमखास असायचा. पावसाच्या आधी, मे महिन्यात, आपल्या आया-आज्या चार महिन्यांची बेगमी करतात. सुकी मासळी, भिंडांची सोलं, मिरच्या, चिंच, मीठ, सगळं बरण्यांत भरून ठेवतात. तसाच अभ्यास आधी करून ठेवा, शेवटच्या रात्रीवर टाकू नका. टाळ्या पडायच्या. एका वर्षी एका मुलाने माझं ऐकून जुलैतच तीन धडे पाठ करून "भरून ठेवले" आणि ऑक्टोबरात कोरा पेपर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "बरणी उघडली, सर. आत काहीच नव्हतं."

मीठ लावलेला बांगडा बरणीत टिकतो. पाठांतर टिकत नाही. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विस्मरण मोजलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. विसरणं पहिल्या काही तासांत झपाट्याने होतं, मग हळूहळू. म्हणजे माझी उपमा अर्धीच लागू होती. आधी सुरुवात करा हे बरोबर, "भरून ठेवा" हे चूक. गंमत म्हणजे उरलेलं अर्धंही घरातच होतं. पावसाने उघडीप दिली की आई त्याच बरण्या उघडून सामान पुन्हा उन्हात घालायची. तेवढं मी विसरलो होतो.

तेव्हापासून वहीत एक सक्तीची ओळ आहे : "हे कुठे लागू पडत नाही?" ती रिकामी ठेवलेली वही मी तपासत नाही. कुटुंबाचा खर्च आणि सरकारचं अंदाजपत्रक, शेत आणि शाळा, क्रिकेटचा कप्तान आणि कंपनीचा मॅनेजर, अशा जोड्या भाषणात छान वाजतात. घर स्वतःचं चलन छापत नाही, हे कोणीतरी लिहायला हवं.

पायरी ७ : आधी अंदाज लिहा, मग बघा

सहाव्या-सातव्या आठवड्यात तुमच्याजवळ एक समजूत तयार झालेली असते. तिला आता कसाला लावायचं. उद्या काय घडेल ते आज लिहून ठेवायचं, तारीख घालून, पेनाने. पेन्सिलने नको, खोडायचा मोह होतो.

चोडणहून रोज येणाऱ्या एका मुलीने फेरीबोटीच्या धक्क्यावरचा उतार किती उघडा आहे ते महिनाभर टिपलं. तिला वाटत होतं, सकाळी पाणी नेहमी सारखंच असतं. नोंदींत दिसलं की भरती रोज सरकते. भरतीपासून भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटांनी उशिरा. मग तिने पुढच्या आठवड्याच्या वेळा आधी लिहिल्या आणि धक्क्यावर जाऊन ताडून पाहिल्या. भूगोलाची विद्यार्थिनी. चंद्राचं गणित तिला पाठ होतं, पण त्याचा तिच्या आठच्या फेरीबोटीशी संबंध आहे हे तिने त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकवलं, तेही मलाच, मोठ्या आवाजात.

अशी माणसं आपल्या मातीतही होऊन गेली. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. मूळचे गणिती. प्राचीन नाण्यांचा क्रम लावताना त्यांनी एक साधी गोष्ट धरली : नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, जितकं जुनं तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांतला फरक जास्त. हजारो नाणी तोलली, आणि ही समजूत खरी की खोटी हे पाहायला आपल्याच काळातली, बाजारात चालणारी नाणीही तोलली. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो. श्रोत्यांत विद्यार्थी असतात. खिशातली नाणी तोलून बघणारा त्यांतला एखादा तरी मला भेटावा अशी इच्छा आहे.

अभ्यासाची रीतही घरचीच : नाटकाची तालीम

आतापर्यंत विषयांचं झालं. अभ्यास करायचा कसा, हेही जत्रेच्या नाटकात दिसतं. आपल्याकडे गावोगावी देवळाच्या उत्सवात गावकरीच नाटक बसवतात. दुकानदार, शिक्षक, ड्रायव्हर, सगळे रात्री जेवून तालमीला येतात. पहिले काही दिवस वही हातात. मग एका रात्री दिग्दर्शक ओरडतो, "नक्कल पाठ करून या, उद्यापासून वही बंद." दुसऱ्या दिवशी तालीम अक्षरशः कोसळते. ज्याला घरी सगळं येत होतं तो मंचावर गप्प. प्रॉम्प्टर विंगेतून पहिला शब्द टाकतो, अख्खं वाक्य कधीच नाही. तेवढ्यावर गाडी निघते. आठवड्याने प्रॉम्प्टरही लागत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हेच प्रयोगात पाहिलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. रात्री बारापर्यंत नोट्स वाचून "आलं आलं" वाटतं ना, ते पाच मिनिटांचं वाटणं आहे.

करायचं असं : धडा एकदा नीट वाचा. प्रत्येक परिच्छेदाचा फक्त पहिला शब्द एका चिठ्ठीवर लिहा. तो तुमचा प्रॉम्प्टर. पुस्तक मिटून त्या शब्दांवरून बाकीचं बोला, जमल्यास कोणाला तरी ऐकवा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, अर्धा मिनिट गप्प राहा. मंचावर तेवढी शांतता भयंकर वाटते, खोलीत कोणी बघत नसतं. तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने.

मोठ्या प्रकल्पासाठी : मानस

नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा आराखडा गोव्यात २०२३-२४ पासून आला आणि मेजर, मायनर, कौशल्याचे विषय अशी विभागणी झाली. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. एवढ्या तासांत काय करायचं, असं विचारत मुलं इंटरनेटवरून तयार प्रकल्प उतरवतात आणि घरून कॉलेजला येताना वाटेत मानशीवरून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवरून, गाडी घालतात.

चोडण, दिवाडी, मांडूर कुठेही जा. खाजन, म्हणजे नदीकाठची खारट जमिनीची शेतं, भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. मधे बांध, बांधात मानस. मानशीची लाकडी दारं नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं, दारं उघडतात, शेतातलं पाणी जातं. भरतीला नदी त्यांना दाबून बंद करते. मोटार नाही, माणूस नाही. दोन बाजूंच्या पातळीत एक मीटरचा फरक पडला, तर पाण्यात बुडालेल्या दाराच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९८०० न्यूटनचं बळ येतं, म्हणजे जवळजवळ एक टन वजन. भौतिकशास्त्राच्या मुलाने दार मोजावं आणि हिशेब करावा. रसायनवाल्याने मातीतला क्षार पावसाच्या आधी आणि नंतर तपासावा. वनस्पतिशास्त्रवाल्याने कोरगूट हा भात खारं पाणी कसं सोसतो ते वाचावं.

अर्थशास्त्रासाठी तर ही खाण आहे. बांध सगळ्यांचा, मग डागडुजी कोणी करायची? सामायिक संपत्ती लोक आपसांत नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे गावकरीने, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेने, ते शतकानुशतकं केलं. त्या रीतिरिवाजांची पोर्तुगीजांनी १५२६ साली लेखी नोंद करवली, तिला फोराल म्हणतात. पुढे १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी जमिनीचं नातं बदललं. त्यानंतर बांधाचं काय झालं, हा प्रश्न इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या तिघा मुलांनी एकत्र बसून सोडवावा असा आहे. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात कोणाला जातो आणि त्यामुळे दारं कधी उघडी राहतात, हे गावात विचारा. उत्तर मिळेल, सोबत भांडणही ऐकायला मिळेल. दोन्ही लिहून घ्या.

विचारायला जाताना

आठ वाजता नुस्तेवाल्या बाईपुढे मोबाइल धरून "मावशी, दोन प्रश्न" म्हणणाऱ्या मुलांना मी परत पाठवतो. ती तिची कमाईची वेळ. बारानंतर जा, आधी वाटाभर तारले घ्या, मग बोला. फोटोला, रेकॉर्डिंगला परवानगी विचारा. वहीत नाव लिहू नका, "वि. १, वि. २" पुरे. रोजचा गल्ला विचारायचा नाही, स्वतः सांगितला तर गोष्ट वेगळी. कोकणीत विचारा आणि कोकणीतच लिहून घ्या, मराठीत आणताना "उरल्यार खंय घालूं"ची धार जाते. आणि काम झालं की जाऊन सांगा काय सापडलं ते. त्या मुलाने पोदेराला बाराव्या आकड्याची गोष्ट सांगितली, तेव्हा पोदेर हसला आणि म्हणाला, चतुर्थीच्या आठवड्यात ते चालत नाही. मुलाने ती ओळ "कुठे लागू पडत नाही" मध्ये घातली.

उत्तरपत्रिकेत कसं आणायचं

इथे फार लांबण लावू नका. पाच गुणांच्या उत्तरात व्याख्या पुस्तकातली, शब्दही तेच. त्यानंतर तुमचं उदाहरण तीन वाक्यांत : काय दिसलं, त्यातलं कोणतं अंग व्याख्येशी जुळतं, कुठे जुळत नाही. आकडा असेल तर एक. "माझ्या आईचा अनुभव असा की" अशी सुरुवात टाळा, तपासनिसाला तो निबंध वाटतो. "मासळी बाजारात असे दिसते की" म्हणा. दहा गुणांना दोन उदाहरणं, पुस्तकातलं आणि तुमचं, शेजारी शेजारी.

व्हायवाला वही बरोबर घेऊन जा, पण टेबलावर ठेवू नका. विचारलं तरच काढा. परीक्षक म्हणाले, "पुस्तकातलं उदाहरण सांग," तर वाद नको. मीठ आणि मोटार सांगून टाका. मग विचारा, "सर, बांगड्याचं सांगू?"